उजव्या मुंढ्याला चार कट

गुनिलाला स्टेजवर जायला वीस मिनिटं होती आणि तिला हात वर करता येत नव्हता.

हात धडधाकट होता. अडचण ड्रेसची होती, आणि ड्रेस आमच्या दुकानाने शिवला होता. कोपरापासून खालचा हात हलत होता. खांद्यापासून उचलायला गेली की हाताबरोबर अख्खा ड्रेस वर चढायला लागायचा. तिने एक पाऊल टाकून दाखवलं, ते वीतभर पडलं. मग माझ्याकडे बघून ती हळूच म्हणाली, "मास्टर, आय कॅनॉट ट्विस्ट."

ट्विस्ट म्हणजे त्या दिवसांत नव्याने आलेला नाच. कंबर एकीकडे, हात दुसरीकडे आणि गुडघे तिसरीकडे. मला तो नाच कमी आणि अंगात आल्यासारखं जास्त वाटायचं. पण गुनिलाचं गाणं त्याच नाचावर बसवलेलं होतं आणि हॉलमध्ये तीनशे माणसं तो बघायला बसली होती.

ही गोष्ट बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराची. बंगळूरच्या कॅन्टोनमेंटमधल्या एका हॉटेलात रविवारी सकाळी अकरा वाजता इंग्रजी गाण्यांचे कार्यक्रम व्हायचे. पोरं गिटार वाजवायची, मुली टाळ्या वाजवायच्या आणि त्यांचे आईबाप चर्चमधून परस्पर तिथे येऊन कॉफी प्यायचे. त्या रविवारी गाण्याची स्पर्धा होती. स्पर्धक बारा. गुनिला आठवी. पाचवा गात होता.

मी तिथे का होतो, ते सांगतो. आम्ही शिंपी. पणजोबा कधीतरी पलटणीचे कपडे शिवत साताऱ्याकडून बंगळूरला आले आणि पलटण गेली तरी आम्ही राहिलो. घर चिकपेठेत, दुकान कमर्शियल स्ट्रीटच्या एका बोळात. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि तमिळ, गिऱ्हाइकाशी इंग्रजी. चारही भाषा मी सारख्याच धिटाईने बोलतो आणि सारख्याच चुका करतो. दुकानाचे मालक माझे थोरले भाऊ, अण्णा. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले, त्यामुळे मला हातात कात्री धरायला शिकवली ती त्यांनी आणि चुकीची धरली म्हणून बोटांवर मापाचा लाकडी गज मारला तोही त्यांनीच. मी कटर होतो, म्हणजे माप घेऊन कापड बेतणारा. अण्णा मशीनवर बसायचे. दुकानाच्या पाटीवर अजून 'सिव्हिल अँड मिलिटरी' होतं, पण गोरे साहेब जाऊन पंधरा वर्षं झाली होती. आमचं पोट चालत होतं ते कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्मवर.

आणि युनिफॉर्ममध्ये आमचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. कापड शिवताना शिवणीच्या आतल्या बाजूला थोडं जास्तीचं कापड सोडतात. आमच्या धंद्यात त्याला माया म्हणतात. साधारण शिंपी अर्धा इंच माया सोडतो. अण्णा दोन बोटं सोडायचे, आणि खालच्या दुमडीला चार बोटं. पोरगी पहिलीत गेली की आमच्याकडे एक फ्रॉक शिवायचा, दुसरीत कुशीची शिवण उसवून सैल करायचा, तिसरीत दुमड सोडायची. मल्लेश्वरमपासून फ्रेझर टाउनपर्यंतच्या आया आमच्यावर खूश होत्या. अण्णा त्यांना सांगायचे, "मूल वाढतं, कापड वाढत नाही. त्याची तजवीज शिंप्याने करायची."

मला मात्र निळ्या फ्रॉकांचा आणि पांढऱ्या कॉलरींचा वीट आला होता. वर्षभर अण्णांच्या मागे लागलो होतो की आपण फॅशनचे कपडे शिवू. साउथ परेडला जाऊन शोकेसमधले ड्रेस बाहेरून बघायचो, गिऱ्हाइकांनी टाकलेली विलायती मासिकं जपून ठेवायचो. अण्णा ऐकून घ्यायचे आणि पुढचा फ्रॉक मशीनखाली सरकवायचे.

अशात एक दिवस गुनिला दुकानात आली. तिचे वडील इंजिनिअर. इथल्या एका सरकारी कारखान्यात मशीनं बसवायला स्वीडनहून दोन वर्षांसाठी आले होते. मुलगी सतरा वर्षांची, पाच फूट नऊ इंच, केस सुतळीच्या रंगाचे. दुकानाच्या दारातून वाकून आत आली, आणि आत आल्यावर पंख्याला घाबरून वाकलेलीच राहिली. बरोबर आई होती. गुनिलाने मासिकातून फाडलेलं एक चित्र पुढे केलं. अंगाबरोबर बसणारा, बिनबाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा निळा सॅटिनचा ड्रेस. मी चित्र हातात घेतलं आणि मला घाम फुटला. वर्षभर मी हाच ड्रेस मनातल्या मनात कापत होतो.

माप घेताना आईने सगळी हकिगत सांगितली. वडिलांचा करार संपत आला होता. दोन महिन्यांनी घरी परत. तिकडे गुनिलाचं नाव नर्सिंगला घातलेलं होतं. तिला गायिका व्हायचं होतं. वडिलांचं म्हणणं, हे काय काम आहे? खूप रडारड झाल्यावर त्यांनी एक अट घातली. रविवारच्या स्पर्धेत पहिली आलीस तर एक वर्ष तुला गाण्यासाठी देतो. नाही आलीस तर नर्सिंग, आणि पुन्हा हा विषय घरात निघणार नाही. माणूस मशीनं बसवणारा होता, बोललेल्या शब्दात सुताचाही फरक करायचा नाही, असं आई म्हणाली. मला ते ऐकून अण्णांची आठवण झाली. ते चार हातांवरच बसलेले होते.

अण्णांनीही त्या संध्याकाळी मला अटच घातली. "सरी," ते कन्नडमध्ये म्हणाले, म्हणजे ठीक आहे, "हा एक ड्रेस बघू. जमला तर वरचा माळा तुझा, काढ तुझा लेडीज सेक्शन. नाही जमला तर युनिफॉर्म, आणि तोंडातून फॅशन हा शब्द काढायचा नाही." म्हणजे एकाच सॅटिनवर दोघांची नशिबं बेतलेली होती. मी तीन रात्री झोपलो नाही, असं लिहिलं तर छान वाटेल, पण मी व्यवस्थित झोपलो. माझा माझ्या कात्रीवर विश्वास होता.

मी कापड बेतताना माया अर्धा इंच ठेवली. अण्णांनी खडूच्या रेघा बघितल्या आणि चष्मा कपाळावर घेतला.

"हे काय?"

"अण्णा, हा फिटिंगचा ड्रेस आहे. दोन बोटं माया ठेवली तर आत गोळा होईल."

"मुलगी सतरा वर्षांची आहे. अजून वाढेल."

"पाच फूट नऊ इंच आहे, अण्णा. अजून वाढून कुठे जाणार?"

"उंचीचं कोण बोलतंय?" अण्णा म्हणाले आणि त्यांनी स्वतः खडू घेऊन माझ्या रेघांच्या बाहेर दुसऱ्या रेघा मारल्या. कापड आईने भरपूर दिलं होतं, त्यामुळे तेही कारण मला उरलं नाही.

इथे थोडं धंद्याचं सांगावं लागेल. सरळ शिवणीला माया कितीही ठेवा, ती आत निमूट पडून राहते. पण मुंढा म्हणजे जिथून हात बाहेर येतो ती गोलाई. गोलाईला जास्त माया ठेवली की ती आत नीट बसत नाही, ओढ धरते. त्यावर इलाज एकच. मायेला कात्रीने छोटे छोटे कट द्यायचे, शिवणीपासून एक धागा अलीकडेपर्यंत. मग ती मोकळी होते आणि हात सुटतो. पण एकदा कट दिला की ती माया पुन्हा कामाची नाही. उसवून मोठं करायला गेलात तर ते कट बाहेर, सगळ्यांच्या देखत येतात. म्हणून अण्णांचा नियम होता, आमच्या दुकानात मायेला कात्री लागत नाही. युनिफॉर्मला ते चालायचं. तिथे मुंढे ऐसपैस, खाली चुण्या, पोरगी फ्रॉकच्या आत फिरून यायची.

मग ट्रायलला कळलं कसं नाही, असं कोणीही विचारेल. ट्रायल कच्च्या शिलाईवर होते. हाताने घातलेले मोठे सैल टाके अंगाबरोबर सरकतात, त्यामुळे ओढ लागत नाही. आणि आमची ट्रायल युनिफॉर्मची. मुलीने आरशासमोर राष्ट्रगीताला उभं राहिल्यासारखं उभं राहायचं, हात खाली, नजर समोर. मी कॉलर बघणार, कंबर बघणार, दुमड बघणार आणि म्हणणार, "ओके." गुनिलाही तशीच उभी राहिली. ड्रेस असा बसला होता की आईने टाळी वाजवली. मी गुनिलाला हात वर कर म्हटलं नाही. ती स्टेजवर काय करते, तेही विचारलं नाही. गाणारी बाई उभी राहून गाते, असा माझा समज. आमच्याकडच्या तर बसूनच गायच्या.

पक्की शिलाई अण्णांनी मारली, अस्तर लावलं, आणि रविवारी सकाळी ड्रेस दोन धुतल्या पंच्यांत गुंडाळून आम्ही दोघं हॉटेलवर पोचलो. अण्णांनी लग्नाचा काळा कोट घातला होता. आपला ड्रेस स्टेजवर जातोय म्हटल्यावर त्यांनाही राहवलं नसणार, पण विचारलं तेव्हा म्हणाले, "कॉफी चांगली असते म्हणतात."

तर आता पुन्हा त्या वीस मिनिटांकडे येतो.

बायकांच्या खोलीत एक उभा पडदा होता. त्याच्या आड गुनिलाने ड्रेस घातला आणि बाहेर येऊन हात हलत नसल्याचं दाखवलं. मी मुंढ्याला हात लावला आणि एका क्षणात सगळं कळलं. आत ती दोन बोटं माया दगडासारखी बसली होती. पाच मिनिटांचं काम होतं. माझ्या खिशात छोटी कात्री होती. पण अण्णा बाहेर खुर्चीवर बसले होते, आणि तीस वर्षांच्या आयुष्यात मी त्यांना न विचारता रुमालसुद्धा कापला नव्हता.

मी बाहेर गेलो आणि सांगितलं की मुंढा धरतोय, कट द्यावे लागतील.

"नको."

"अण्णा, तिला हात उचलता येत नाही."

"हात कशाला उचलायचाय? गायचंय ना?"

"नाच आहे त्यात."

"मग नाच सोडून गाऊ दे. नाच आजचा आहे, ड्रेस पाच वर्षं वापरायचाय. कात्री लावायची नाही." एवढं बोलून ते कॉफीकडे वळले. माझं डोकं असं तापलं होतं की मी काहीतरी बोललो असतो, पण आत सहाव्या स्पर्धकाला टाळ्या पडल्या आणि मी परत खोलीत पळालो.

गुनिला खुर्चीवर बसलीही नव्हती. बसता येत नव्हतं. आई तिचे हात चोळत होती, जसा काही दोष हातांचाच. पोरीच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, पण ती नर्सिंगच्या शाळेकडे बघत असल्यासारखी भिंतीकडे बघत होती. ते मात्र मला बघवलं नाही. मी आईला म्हटलं, ड्रेस काढायला सांगा, क्विक. पडद्याआडून ड्रेस बाहेर आला. मी उजव्या मुंढ्याचं अस्तर उसवलं. पहिला कट दिला आणि जणू अण्णांचाच गज बोटांवर पडला. मग दुसरा, तिसरा, चौथा. माया सुटली. अस्तर चार टाक्यांत बंद केलं. डाव्या मुंढ्याला कात्री लावणार, तेवढ्यात दारात गिटारवाला टेरेन्स आला. तिच्याबरोबर वाजवणारा कॅन्टोनमेंटचा अँग्लो-इंडियन पोरगा. सातवा स्पर्धक दोन कडव्यांनंतर शब्द विसरला होता आणि लोकांनी त्याला खाली बसवलं होतं. आमची सात मिनिटं गेली होती.

ड्रेस पडद्याआड परत गेला. गुनिला बाहेर आली, तिने उजवा हात उचलला, तो वर गेला. डावा उचलला, तो गेला नाही. तिने माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "सिंग विथ राइट हँड."

माझ्या आयुष्यात मी बऱ्याच गिऱ्हाइकांची समजूत काढली आहे, पण इतकी निर्लज्ज कधी काढली नाही. ती वीत-वीत पावलं टाकत निघून गेली. बाहेर अण्णांनी विचारलं, "काय केलंस?"

"दोन टाके सैल केले."

"सरी," अण्णा म्हणाले. मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो आणि त्यांनी ते लगेच खरं मानलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

आम्ही दोघं हॉलच्या मागच्या भिंतीला टेकून उभे राहिलो. तिचे वडील पहिल्या रांगेत, पाठ ताठ, मनगटावरच्या घड्याळात बघत. गुनिलाला माइकपर्यंत पोचायला इतका वेळ लागला की गप्पा मारणारे लोक आपोआप गप्प झाले. टेरेन्सने ठरल्याप्रमाणे जोरात सुरुवात केली. तिचं अंग हललं नाही. हलणारच नव्हतं. कुशी आवळलेल्या, खालची चार बोटांची दुमड गुडघ्यांना जखडून बसलेली. डावा हात मांडीला चिकटलेला. पोरगी माइकसमोर खांबासारखी उभी. टेरेन्स दुसऱ्यांदा सुरुवातीवर आला. मी डोळे मिटून घेतले.

हॉल शांत झाला म्हणून उघडले. तिने उजवा हात टेरेन्सकडे केला होता, पंजा उघडा. हळू, असं सांगणारा. टेरेन्सने गिटार एकदम हळू केली, ड्रमवाला गोंधळून थांबलाच. आणि त्या हळू गिटारीवर ती गायला लागली.

तिचं गाणं मी एकदा आधी ऐकलं होतं, कापड आणायला घरी गेलो होतो तेव्हा. दिवाणखान्यात उड्या मारत गात होती, आणि मी तो घरातला पोरखेळ समजलो होतो. निम्मे शब्द धापेत जायचे, उरलेले खुर्चीला धडकून. आता धाप नव्हती. उभ्या अंगातून सगळा श्वास नुसता आवाजात येत होता. मला इंग्रजी गाण्यातलं काही कळत नाही. पण ती एवढी मोठी मुलगी आपल्या घरापासून किती लांब आली आहे, ते मला त्या दिवशी कळलं. शेवटच्या ओळीला तिने तो एकच मोकळा हात सावकाश वर नेला. तीनशे माणसं त्या हाताबरोबर मान वर करत गेली. मी मनात मोजत होतो, एक कट, दोन कट, तीन, चार.

अण्णा माझ्या कानाशी म्हणाले, "शिवण बघ. एक सुरकुती नाही."

टाळ्या खूप वेळ चालल्या. निकाल लागला, गुनिला दुसरी. पहिला नंबर एका रेल्वेतल्या गृहस्थाला मिळाला. तो नाकाने माउथ ऑर्गन वाजवत तोंडाने शीळ घालायचा, आणि खरं सांगायचं तर ते दुसऱ्या कोणाला येणं शक्य नव्हतं. पण अट पहिल्या नंबराची होती. मी खोलीत सुया गोळा करायला गेलो तेव्हा आई आणि गुनिला तिथेच उभ्या होत्या. गुनिला माझ्याकडे बघून हसली, आणि ते हसणं बघून मला जमिनीत जावंसं वाटलं. पोरीचं वर्ष आमच्या शिवणीत अडकून गेलं होतं.

दारावर टकटक झाली. तिचे वडील. त्यांनी मुलीकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं.

"हा ड्रेस तुम्ही शिवला?"

मी म्हटलं, "येस सर." मागून अण्णाही आत आले. चूक निघाली की ते नेहमी माझ्या पुढे उभे राहायचे, तसे राहिले.

"यात तिला हलता येत नाही?"

"नो सर," मी म्हणालो. खोटं एकदा बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा जीव होत नव्हता.

ते थोडा वेळ ड्रेसकडे मशीन तपासावं तसे बघत राहिले. मग म्हणाले, "सतरा वर्षं ही घरात उड्या मारते आहे. ही गाते, हे मला आज कळलं. वर्ष दिलं." आणि जाता जाता दारातून वळून, बोट माझ्याकडे करून म्हणाले, "हा ढिला करायचा नाही."

आई त्यांच्या मागे स्वीडिशमध्ये काहीतरी बोलत गेली. गुनिला एकटी राहिली. तिला रडायचं होतं आणि बसताही येत नव्हतं, म्हणून ती उभ्या उभ्या, एका हाताने डोळे पुसत रडली. त्या संध्याकाळी अण्णांनी माळ्यावरचे जुने पुठ्ठे मला न सांगता खाली आणून ठेवले. माळा मला मिळाला होता.

दोन महिन्यांनी ते लोक गेले. त्यानंतर पत्रं यायला लागली, चार-सहा महिन्यांतून एक, सोप्या इंग्रजीत. गुनिला गावातल्या हॉटेलात गाते आहे. गुनिला मोठ्या शहरातल्या हॉटेलात गाते आहे. गुनिला रेडिओवर गायली. प्रत्येक ठिकाणी तोच निळा ड्रेस, कारण तो बदलायची तिला भीती वाटत होती. तिकडच्या एका पेपरवाल्याने लिहिलं म्हणे, की बाकीच्या पोरी स्टेजभर नाचतात, ही एक हात सोडून काही हलवत नाही, आणि लोक गाणंभर त्या एका हाताची वाट बघत बसतात. अण्णा प्रत्येक पत्र माझ्याकडून मराठीत ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, "ड्रेस कसा आहे, काही लिहिलंय?"

दीड-दोन वर्षांनी एक चौकोनी पार्सल आलं. आत तिची पहिली रेकॉर्ड. दुकानात फोनो नव्हता. समोरच्या रेडिओवाल्याकडे ती लावली, बोळातली सगळी दुकानं गोळा झाली, गाणं संपल्यावर सोनाराने विचारलं की हिला मराठी येतं का. मी कशाला नाही म्हणू? पण अण्णांना गाण्यात रस नव्हता. ते रेकॉर्डचं कव्हर घेऊन उजेडाला गेले होते. कव्हरवर तिचा मोठा फोटो होता, निळ्या ड्रेसमध्ये, उजवा हात वर. आणि उजव्या खांद्याखाली, मुंढ्याशी, सॅटिनचंच केलेलं निळं फूल.

मी पत्र वाचायला घेतलं. लिहिलं होतं, हॉटेलात गाऊन गाऊन आणि तिथलंच जेवून मी जाड झाले, आणि टेलिव्हिजनच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ड्रेस बंद होईना. मी रडत इथल्या शिंपिणीकडे गेले. तिने अस्तर उघडलं आणि आतलं कापड बघून आधी हसली, मग हसायची थांबली. म्हणाली, इतका पुढचा विचार कोणी केला? एका तासात ड्रेस माझ्या मापाचा झाला. मिस्टर अण्णांना माझे खूप खूप आभार सांगा.

अण्णांनी शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला. "उंचीचं कोण बोलत होतं?" ते म्हणाले.

पुढची ओळ मी वाचली, पण मोठ्याने वाचली नाही. तिथे लिहिलं होतं, फक्त उजव्या बाजूला चार छोटे कट निघाले, ते बाहेर दिसत होते, म्हणून त्यावर फूल लावावं लागलं. आता इथल्या मुली तसंच फूल, तिथेच लावून फिरतात. त्यांना कारण सांगू नका. मी ओळ गाळली आणि सगळ्यांना नमस्कार लिहिलाय म्हणून सांगितलं.

अण्णा कव्हर घेऊन परत उजेडाला गेले. बराच वेळ बघत होते. मग त्यांनी त्या फुलावर बोट ठेवलं.

"इथे कात्री लागलीय."

मी तिशी ओलांडली होती, दोन पोरांचा बाप होतो, वरच्या माळ्यावर माझ्या हाताखाली तीन कारागीर होते. तरी माझी बोटं आपोआप मुठीत गेली. "हो," मी म्हणालो.

"दोन टाके सैल केले म्हणालास."

"खोटं बोललो, अण्णा."

अण्णांनी कव्हर काखेत धरलं, चष्मा कपाळावर घेतला. "किती कट?"

"चार."

त्यांनी थोडा विचार केला. "चार कशाला? तीन पुरले असते," म्हणाले, आणि मशीनवर जाऊन बसले.

त्या दिवसापासून ट्रायलला मी प्रत्येक गिऱ्हाइकाला दोन्ही हात वर करायला लावत आलो, मग ते नवरीचं पोलकं असो की वकिलाचा कोट. अण्णांनी दोन बोटं मायेचा नियम शेवटपर्यंत सोडला नाही. मुंढ्याला मात्र तीन कट द्यायला त्यांनी मला परवानगी दिली.